जुन्या मॅसी १०३५ च्या फ्लायव्हीलची रिंग झिजली: वेल्डिंग, जुनीच फिरवणं की नवी?

पेडणे_वायंगण

नमस्कार मंडळी. आमच्याकडे बाबांनी घेतलेला जुना मॅसी १०३५ आहे, तीन सिलिंडरचा. खाडीलगतच्या खाजनात आमची सरदाची (पावसाळी भाताची) शेती आणि वाडीखाली वायंगण (उन्हाळी भात). दोन्हीकडची चिखलणी हाच करतो, केज व्हील (चिखलासाठीची लोखंडी जाळीची चाकं) लावून. इंजिनाला काही दुखणं नाही. धूर नाही, तेल खात नाही, आवाज एकसारखा. त्यामुळे विकायचा विचार नाही, बाबांच्या हयातीत तर नाहीच.

अडचण सुरू करण्याची आहे. सेल्फ (स्टार्टर मोटर) मारला की कधी पहिल्या झटक्यात सुरू होतो, कधी घर्रर्र आवाज करून सेल्फ नुसता मोकळा फिरतो. मग टॉप गिअरमध्ये टाकून दोघांनी मागचं चाक थोडं ढकललं, इंजिन जरासं सरकलं, की पुढच्या वेळी धरतो. घरी बाबा उतारावर लावून ठेवतात. पण खाजनात उतार कुठून आणायचा? मधेच बंद पडला तर गुडघाभर चिखलात ढकलायला माणसं गोळा करावी लागतात, आणि भरतीची वेळ जवळ आली असेल तर जीव टांगणीला लागतो.

सेल्फ काढून म्हापशाला दाखवला, मोटर चांगली आहे म्हणाले. सेल्फच्या भोकातून टॉर्च मारून पाहिलं तर फ्लायव्हीलच्या (इंजिनामागच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगचे काही दात एका अंगाने खाल्लेले, पातळ आणि टोकदार झालेले दिसतात. बाकीचे बरे आहेत.

इथल्या एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, ट्रॅक्टर फोडायची (इंजिन आणि गिअरबॉक्स मधून वेगळे करायची) गरज नाही, भोकातूनच दातांवर वेल्डिंग भरून ग्राइंडरने घासून देतो. दुसरा म्हणतो नवी रिंगच घाला. नवी घालायची तर ती तापवून बसवतात एवढं ऐकून आहे. आमची शेड मोठी आहे, चुलतभावाला हत्यारं चालवायची सवय आहे. हे काम घरी होण्यासारखं आहे का? मृगाच्या आधी ट्रॅक्टर उभा राहायला हवा. ज्यांनी स्वतः केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

सत्तरीकर

फोडण्याआधी खात्री करून घ्या. सेल्फ मोकळा फिरतो याची कारणं दोन: एक तर रिंगचे दात गेले, नाहीतर बेंडिक्सचा (सेल्फचा दातेरी पिनियन रिंगमध्ये सरकवणाऱ्या भागाचा) क्लच घसरतो. क्लच घसरत असेल तर इंजिन कुठेही थांबलेलं असो, कधीही दगा देईल. रिंग गेली असेल तर ठरावीक जागीच देईल.

पुढच्या क्रँक पुलीसमोर टायमिंग कव्हरवर खडूने एक रेघ मारा. सेल्फने धरलं नाही की त्या रेघेसमोर पुलीवर खूण करा. काही दिवस हे करा. तुमचं इंजिन तीन सिलिंडरचं. बंद होताना ते कुठल्या तरी सिलिंडरच्या कॉम्प्रेशनला अडून थांबतं, म्हणून फ्लायव्हील नेहमी तीनच जागांपैकी एकीवर येऊन थांबतं, एकमेकींपासून १२० अंशांवर. सेल्फचा पिनियन आयुष्यभर त्याच तीन जागी आदळतो. चार सिलिंडरला अशा दोन जागा असतात, समोरासमोर. तुमच्या खुणा तीन झुपक्यांत आल्या तर रिंगच समजा.

वेल्डिंगबद्दल: आमच्या वाड्यावर एकाने करून घेतलं होतं. एक मोसम निघाला.

पेडणे_वायंगण

खडूचा प्रयोग केला. खुणा तीन ठिकाणीच आल्या, अगदी तुम्ही म्हणता तशा. म्हणजे रिंगच. आता पुढचं सांगा.

डिचोली_मिस्त्री

पेडणेकर बाब, वेल्डिंगच्या वाटेला जाऊ नका. मी खाणीच्या ट्रकांवर मिस्त्री होतो, २०१२ ला खाणी बंद पडल्यावर ट्रॅक्टर आणि पॉवर टिलरकडे वळलो. वेल्ड भरलेल्या रिंगा मी बऱ्याच उघडल्या आहेत. रिंगच्या दातांना वरून कडक पाणी दिलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने भरलेल्या दाताशेजारचे दात नरम पडतात आणि जोडाच्या कडेला ठिसूळपणा येतो. शिवाय ग्राइंडरने हाताने घासलेला दात पिनियनला कधी नीट जुळत नाही. तो दात तुटला की तुकडा बेल हाउसिंगमध्ये (फ्लायव्हील आणि क्लचवरच्या कवचात) पडतो आणि क्लचमध्ये फिरत राहतो. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च तिथे बसतो. आणि दात खाल्लेली रिंग नवा पिनियन खाते, खाल्लेला पिनियन नवी रिंग खातो. म्हणून रिंगबरोबर बेंडिक्सही नवा घ्या, आणि सेल्फचे बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या कड्या) पाहून घ्या. बुश ढिले असले की पिनियन तिरका जातो आणि दाताच्या एका कडेवरच सगळा भार येतो. तुमचे दात एका अंगाने खाल्लेत म्हणता, त्यामुळे बुश हमखास पाहा.

घरी काम होईल. घाई आणि एकटेपणा हे दोन नकोत.

सगळ्यात धोक्याची गोष्ट आधी सांगतो, कारण माणसं तिथेच जखमी होतात. या ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सल मधल्या एका पिनवर डोलतो. ट्रॅक्टर मधून फोडला की इंजिनाचा भाग त्या पिनवर डावी-उजवीकडे कलंडायला मोकळा होतो. म्हणून बोल्ट ढिले करण्याआधी अ‍ॅक्सल आणि वरच्या सपोर्टच्या मधल्या फटीत दोन्ही बाजूंना लाकडी पाचर घट्ट ठोका. मागच्या चाकांना पुढून-मागून अडण द्या. इंजिनाच्या मागच्या टोकाखाली एक आधार, गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाखाली दुसरा. आपल्याकडे शेडमध्ये चिरे रचलेले असतात, सहज हाताला येतात, पण चिऱ्यावर ट्रॅक्टर टेकवायचा नाही. चिरा जांभ्याचा, एका कोपऱ्यावर भार आला की न सांगता फुटतो. लाकडी स्लीपर किंवा जाड लाकडाचे ठोकळे वापरा आणि जमीन सिमेंटची असू द्या. जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही.

मग बॅटरीच्या वायरी, बॉनेट, डिझेलचे पाइप, अ‍ॅक्सिलरेटर आणि स्टॉपच्या तारा, मीटरची केबल, सेल्फ, दोन्ही बाजूंचे ड्रॅग लिंक, रेडियस रॉड असतील तर तेही सोडवा. प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नंबर घाला आणि सुटण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. बोल्ट लांब-आखूड असतात, पुठ्ठ्यावर जागच्या जागी खोवून ठेवा. फोडताना एकाने फटीत डोळा ठेवायचा, दोघांनी हळूहळू सरकवायचं.

क्लच काढताना प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलवर पंचने एकच खूण करा. बोल्ट एकदम एक पूर्ण न काढता आळीपाळीने थोडे थोडे ढिले करा, नाहीतर स्प्रिंगच्या जोराने प्लेट वाकते. फ्लायव्हील बरंच वजनदार असतं. त्याचे सगळे बोल्ट काढून मग ओढू नका. दोन बोल्टांच्या जागी लांब स्टड घाला, चाक त्यांवर सरकत येईल, पायावर पडणार नाही. तेही काढण्याआधी खूण करा.

आता रिंग. नवी विकत घेण्याआधी जुनीचे दात मोजा, आतला व्यास आणि जाडी व्हर्नियरने घ्या. एकाच नावाच्या ट्रॅक्टरला वेगवेगळ्या साली वेगळे सेल्फ आले आहेत, नुसत्या मॉडेलवरून पार्ट आणला तर फेरी फुकट जाईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं: दातांना ज्या अंगाने उतार घासलेला आहे ते अंग कुठल्या बाजूला होतं, ते जुनी काढण्याआधी रंगाने लिहून ठेवा. पिनियन त्या उताराच्या अंगाने आत शिरतो. रिंग उलटी बसली तर नव्या दातांवर पिनियन पहिल्या दिवसापासून डोकं आपटत राहील.

जुनी काढायला दोन दातांच्या मधल्या खाचेत ८ मिमीचं भोक मारा, फ्लायव्हीलला ड्रिल लागणार नाही एवढंच खोल. मग तिथे छिन्नी धरून एक सणसणीत ठोका. रिंग ताणात असते, फट्‌कन तडकते. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि वरून ओलं गोणपाट टाका. निघाल्यावर बसण्याची जागा तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने लख्ख करा. खांद्यावर गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी रिंग तिरकी बसते.

चंदगड_लेथ

मिस्त्रींनी सगळं नीट सांगितलंय. एक पर्याय माझ्याकडून. नवी रिंग वेळेत मिळाली नाही तर जुनी छिन्नीने फोडू नका. तिलाच चहूबाजूंनी सारखी तापवून, मागून पितळी दांड्याने हलकेच ठोकत उतरवा. तीन सिलिंडरला झिजलेल्या जागा १२० अंशांवर, म्हणून रिंग ६० अंश फिरवून परत बसवली की झिजलेले दात मधल्या जागी जातात, जिथे इंजिन थांबत नाही. चार सिलिंडर असतं तर ९० अंश फिरवावी लागली असती. दात टोकदार झालेत पण तुटलेले नाहीत, अशा रिंगवर ही युक्ती बरीच वर्षं चालते.

कुणी सांगेल, रिंगच उलटी करून बसवा. तसं करायचं तर दुसऱ्या अंगाला लेथवर उतार काढून घ्यावा लागतो, आणि कडक दातांवर साधं हत्यार चालत नाही, ग्राइंडिंग लागतं. त्या भानगडीपेक्षा फिरवणं सोपं.

मात्र फ्लायव्हीलच फिरवून बोल्ट मारायचा विचार कुणी करू नये. त्याच्यावर टायमिंगच्या खुणा असतात, आणि बऱ्याच इंजिनांत बोल्टांची भोकं मुद्दाम एका जागी सरकवलेली असतात.

पेडणे_वायंगण

रिंग मिळाली, बेळगावहून मागवली. दात आणि व्यास जुन्याशी जुळतात, उताराचं अंगही खुणेप्रमाणे आहे. आता तापवण्याचं. गॅस कटरवाला म्हणतो लाल करून टाकतो, आपोआप बसेल. ते बरोबर का?

डिचोली_मिस्त्री

लाल? मुळीच नाही. लाल झाली की दातांचं पाणी उतरलं, रिंग बसण्याआधीच फुकट गेली. हिशोब करून बघा. पोलाद एक अंश तापलं की मीटरमागे साधारण ०.०१२ मिमी वाढतं. रिंगचा आतला व्यास ३२० मिमी धरा. हवेपेक्षा २०० अंशांनी जास्त तापवली तर व्यास पाऊण मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो. रिंगची पकड त्याहून कमी असते, म्हणून एवढ्यावर ती हाताने बसते. २२०-२३० अंशांपुढे जाण्याची गरजच नाही.

ओळखायचं कसं? रिंगच्या बाजूला एक जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा. तापताना तिथे आधी फिकट पिवळा रंग येतो, वाळल्या गवताचा. तिथेच थांबायचं. तांबूस झाला म्हणजे जास्त झालं, निळा आला तर ३०० च्या घरात गेली. दुसरी खात्री म्हणून रेडिओवाले वापरतात ती ६०/४० ची सोल्डर तार रिंगला टेकवा. ती १९० च्या आसपास वितळते. तार वितळली आणि पिवळा रंग दिसला की उचला.

गॅसची ज्योत एका जागी ठेवली तर एक बाजू निळी आणि दुसरी थंड, असं होतं, आणि रिंग लंबगोल होऊन अर्ध्यावर अडकते. मला विचाराल तर तुमच्या गावच्या पोदेराकडे (पाव भाजणाऱ्याकडे) जा. लाकडावरची भट्टी असेल तर याहून चांगली आच नाही. पाव निघून भट्टी जरा उतरली की आत दोन विटा ठेवून त्यांवर रिंग ठेवा, निखाऱ्याला लागू देऊ नका. आधी साबणाने धुऊन कोरडी करा, त्याच्या भट्टीत ग्रीसचा वास राहता कामा नये, दुसऱ्या दिवशी लोक पाव खाणार आहेत. अर्धा-पाऊण तास पुरे, मधूनमधून तार टेकवत राहा. आणि रिंग घरी नेऊ नका, फ्लायव्हीलच तिथे न्या. भट्टीतून काढून घरी पोचेपर्यंत ती आवळते.

फ्लायव्हील तीन ठोकळ्यांवर पाणसळीत ठेवा, खांदा खाली राहील असं. चामड्याचे मोजे दोघांच्याही हातांत हवेत. रिंग दोघांनी समोरासमोर धरून सपाट सोडायची, खांद्यापर्यंत टेकली की पितळी दांड्याने चार बाजूंनी हलके ठोके. तिरकी अडकली तर घणाने मारू नका, काढून परत तापवा. बसल्यावर पाणी ओतू नका, ओलं फडकंही नको, हवेत निवू द्या. निवल्यावर रिंग आणि खांदा यांच्या मधे फिलर गेजची सगळ्यात बारीक पात घालून पाहा, कुठेच शिरता कामा नये.

ट्रॅक्टर फुटलेला आहे तोवर क्रँकचं मागचं ऑइल सील, पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग पाहून घ्या. सीलजवळ ओलं दिसलं तर आताच बदला. तेवढ्यासाठी परत फोडावा लागला तर मन खट्टू होतं. फ्लायव्हीलच्या बोल्टांना नव्या लॉक पत्र्या घाला आणि टॉर्क पान्याने कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे आवळा, अंदाजाने नको.

जोडताना क्लच प्लेट जुन्या गिअर शाफ्टने किंवा लाकडी डमीने मधोमध घ्या. दोन भाग जुळत आले आणि शेवटची दोन बोटं फट राहिली की सगळ्यांना मोह होतो, बोल्ट आवळून ओढून घ्यावं. असं कधी करू नका. फट राहिली याचा अर्थ स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) अजून बसलेली नाही. बोल्टने ओढलं तर प्लेटचा हब वाकतो आणि क्लच सुटायचा बंद होतो. सेल्फच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हरने फ्लायव्हील एकेक दात फिरवत राहा. बसली की दोन्ही भाग हाताच्या जोराने येऊन मिळतात.

पेडणे_वायंगण

झालं एकदाचं. आणि घरीच झालं.

पोदेर आधी बिचकला, पण बाबांनी शब्द टाकला आणि तो तयार झाला. फ्लायव्हील पिकअपमधून नेऊन त्याच्या भट्टीसमोर मांडलं. सोल्डरची तार टेकवल्यावर थेंब होऊन घरंगळला, पिवळा रंगही आला होता. रिंग सोडली तशी एकच ‘टक्‌’ आवाज होऊन खांद्यावर टेकली, ठोकायची वेळच आली नाही. चुलतभाऊ आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. फिलर गेज कुठेही शिरली नाही.

मागच्या सीलजवळ तेल पाझरत होतं, ते बदलून घेतलं. सेल्फचे बुश मिस्त्री म्हणाले तसे खरंच ढिले होते, पिनियन हाताने हलत होता. दोन्ही नवे. आता कुठेही थांबवून सेल्फ मारला तरी धरतो. बाबांनी उतारावर लावायचं सोडलं आहे.

मिस्त्रीकाका, सत्तरीकर, चंदगडवाले, तुमचे उपकार मानावे तेवढे थोडे. एक शंका राहिली. बेल हाउसिंगच्या तळाला सुकलेल्या चिखलाचा थर होता आणि जुन्या रिंगला आतून गंज. खाजनातलं खारं पाणी आत जातं का?

सत्तरीकर

जातं. हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं, आत गळलेलं तेल-पाणी बाहेर पडावं म्हणून. केज व्हीलवर खोल चिखलात गेलात की त्याच भोकातून पाणी वर येतं. मग वर चिखल सुकून भोक बुजतं आणि आलेलं पाणी आतच राहतं. खाऱ्या पाण्याने दात आणि पिनियन दोन्ही खरखरीत होतात. चिखलणीआधी भोकाला बूच मारा आणि काम संपल्या संध्याकाळी न विसरता काढा. बूच लावून ठेवला तर सीलमधून गळलेलं तेल क्लच प्लेटवर चढेल.

डिचोली_मिस्त्री

सत्तरीकर बरोबर सांगतायत. आणखी दोन गोष्टी. बॅटरीची अर्थ पट्टी जिथे चेसीला लागते ती जागा घासून, व्हॅसलीन लावून घट्ट करा. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज ९.६ च्या खाली उतरत असेल तर बॅटरी नाहीतर जोड कमजोर आहे, आणि कमजोर सेल्फ दातांवर रखडत राहतो. आणि घरात ट्रॅक्टर जो कोणी चालवतो त्याला सांगा, पहिल्या खेपेला सुरू नाही झाला तर इंजिन पूर्ण थांबू द्यायचं, मगच दुसऱ्यांदा सेल्फ मारायचा. इंजिन थांबता थांबता मागे झोका घेतं. त्या क्षणी पिनियन आत शिरला तर नवी रिंगसुद्धा दात टाकते.

जुनी रिंग भंगारात देऊ नका. मोजमापं लिहून शेडमध्ये टांगून ठेवा, पुढच्या वेळी पार्ट आणताना तीच दुकानात घेऊन जाता येईल.